६५ किलोचा पोरगा, चारशे मिलिग्रॅम कॅफीन आणि हलगी

निवड स्पर्धेत आमच्या एका पोराचं जे झालं ते नीट लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं, कारण तेच आता दर स्पर्धेला कुठल्या ना कुठल्या पोराचं होताना दिसतं. नाव-गाव सांगत नाही. वय २०, ६५ किलो फ्रीस्टाइल, सहा वर्षं कोल्हापूर भागातल्या तालमीत, मातीतनं मॅटवर आलेला. मी त्या तालमीत मॅटचा सराव घेतो आणि स्पर्धेला कॉर्नरला बसतो, त्यामुळे पुढचं बरंचसं डोळ्यांनी बघितलेलं आहे आणि उरलेलं त्याच्याकडून नंतर खोदून खोदून काढलेलं.

चार दिवस आधी त्याचं वजन ६८.५ होतं. साडेतीन किलो उतरवायचं, म्हणजे शरीराच्या ५ टक्क्यांच्या वर. जेवण तोडलं, शेवटचा दीड दिवस पाणी जवळपास बंद, ट्रॅकसूटवर ट्रॅकसूट घालून पळणं, तोंडात लवंग धरून थुंकत बसणं, सगळं नेहमीचं. सकाळी ७ ला काट्यावर ६४.९. उतरल्यावर दोन केळी आणि अर्धी बाटली ओआरएस, त्यापुढे पोटात काही जाईना.

त्यानंतर मला न विचारता जे झालं ते असं. साडेआठला रूम पार्टनरच्या किटलीतली काळी कॉफी, इन्स्टंटचे दोन चमचे भरून. नऊला एका सीनियरने दिलेला प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या उत्तेजक पावडरीचा, एक स्कूप, डब्यावर कॅफीन २०० मिलिग्रॅम लिहिलेलं. साडेनऊला एनर्जी ड्रिंकचा २५० मिलीचा कॅन. कानावर हेडफोन, आवाज फुल, जिममधली ठोकणारी गाणी, आणि वॉर्मअपच्या जागेत हा एकटाच उड्या मारतोय, डोळे लाल. खरं सांगतो, त्या वेळी मला ते बघून बरं वाटलं होतं. वाटलं पोरगं पेटलंय.

हिशोब मी नंतर केला. इन्स्टंट कॉफीच्या दोन ग्रॅमच्या चमच्यात साधारण ६० मिलिग्रॅम धरलं तर दोन चमच्यांचे १२०. स्कूपचे २००. आपल्याकडे एनर्जी ड्रिंकमध्ये एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमानुसार लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम चालतं, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५. एकूण ३९५. भागिले ६५ किलो, किलोला ६ मिलिग्रॅमच्या जरा वर. क्रीडा पोषणातले लोक ३ ते ६ ची रेंज सांगतात आणि २ मध्येसुद्धा काहींना फरक पडतो, म्हणजे हा रेंजच्या वरच्या टोकावर, तेही एका तासात, सुकलेल्या शरीरात आणि रिकाम्या पोटावर. आणि आयुष्यात पहिल्यांदा.

कुस्ती दहाच्या सुमारास लागली. पहिल्या ४० सेकंदांत दोन एकेरी पट काढले (एक पाय धरून खाली घेणं, प्रत्येकी दोन गुण), ४-० झालं, आमची पोरं बॅरिकेडवर चढली. पण त्यानंतर तो थांबेचना. समोरचा पोरगा अनुभवी होता, हात धरून नुसता ढकलत होता, आणि आमचा सेटअप न करता पटात घुसतोय, परत घुसतोय, परत. तिसऱ्यांदा समोरच्याने मागनं ताबा घेतला, ४-२. ब्रेक झाला. ३० सेकंद असतात, त्यात पाणी, टॉवेल आणि एखादं वाक्य. त्याचे हात थरथरत होते, ओठ पांढरे, माझ्याकडे बघत होता पण बघत नव्हता. मी विचारलं, दम कसा आहे रे? म्हणाला, "एकदम ओके सर."

पुढच्या मिनिटभरात पाय गेले. शब्दशः गेले, स्टान्समध्ये उभं राहता येईना. समोरच्याने खाली घेऊन दोन भारंदाज मारले (खाली पडलेल्याला कमरेला धरून फिरवणं, त्याचेही दोन-दोन गुण), ४-८ ने हरला. हॉलच्या मागे जाऊन उलटी केली, छातीत धडधड थांबेना, म्हणून स्पर्धेच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी नाडी-बीपी बघून झोपवून ठेवलं, घोटघोट ओआरएस दिलं. (नंतर गावाकडे ईसीजीही काढून घेतला, नॉर्मल आला. धडधड झाली तर हे करायचंच, "कॉफीनं होतं तसं" म्हणून सोडून द्यायचं नाही.)

खरी पुढची गोष्ट वाईट. त्याला हरवणारा फायनलला गेला, म्हणजे ह्याला दुसऱ्या दिवशी सकाळी रेपेचाज, म्हणजे ब्राँझसाठीची दुसरी संधी, आणि त्याआधी परत वजन. संध्याकाळी ७ ला डोकं दुखतंय म्हणून ह्याने अजून एक कॅन मारला. कॅफीनचं हाफ-लाइफ, म्हणजे अंगातलं निम्मं संपायला लागणारा वेळ, साधारण ५ तासांचं असतं, माणसागणिक बदलतं पण ५ धरून चला. सकाळी नऊ-साडेनऊचे ३९५, दुपारी अडीचला उरले २०० च्या आसपास, साडेसातला १००, त्यात नवीन ७५. रात्री साडेबाराला अंगात जवळपास एका अख्ख्या कॅनएवढं कॅफीन जागंच. झोपेच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम घेतलं तर एक तासाच्या वर झोप जाते असं २०१३ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. ह्याला रात्रभर झोप नाही. तीनला मला मेसेज आलाय, "सर उद्या काय डाव मारू." सकाळी वजन बसलं, कुस्ती दोन मिनिटांत टेक्निकल सुपिरिऑरिटीने, म्हणजे दहा गुणांच्या फरकाने, गेली. भिंतीसारखा उभा होता.

आता तालमीत परत आल्यावर वस्तादांचं म्हणणं सरळ होतं. तालमीत चहासुद्धा चालत नाही, चहानं भूक मरते, खुराक लागत नाही, दूध-तूप-बदाम-थंडाई सोडून तुम्ही डबे प्यायला लागलात, भोगा. मला वस्तादांचा राग कळतो, त्यांनी पोरांना पोटच्या पोरांसारखं वाढवलंय. पण बंद म्हटल्याने बंद होत नाही, चोरून होतं. हा पोरगा तालमीबाहेरच्या टपरीवर रोज तीन कप चहा पीत होता हे आम्हाला सहा वर्षं माहीत नव्हतं! आणि तिथेच अर्धं उत्तर होतं.

म्हणजे असं, वजन उतरवताना पाणी तोडलं तेव्हा चहापण तुटला. रोजचं कॅफीन अचानक थांबलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, अंग जड होतं, मूड जातो, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्यात जास्त असतं. त्याला वाटलं आपण वीक पडलो. वीक होताच, पण त्यातला काही भाग नुसता चहाचा होता. तो भरून काढायला एक कप पुरला असता, त्याने पाच-सहा कपांची किंमत एका तासात ओतली.

ह्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो त्या "एकदम ओके सर"ने. पोरगा खोटं बोलत नव्हता. कॅफीन मेंदूत अ‍ॅडिनोसिनची जागा अडवून बसतं, आणि अ‍ॅडिनोसिन म्हणजे थकवा आलाय हे सांगणारा निरोप्या. निरोप पोचत नाही, थकवा मात्र तिथेच असतो. संगीताचंही काम बऱ्यापैकी त्याच बाजूचं आहे, लक्ष श्वासावरनं, भरलेल्या हातांवरनं उचलून दुसरीकडे नेतं, शिवाय अंगात तेज आणतं. पळणाऱ्याला, वजन उचलणाऱ्याला हे सोन्यासारखं आहे. पण पैलवान सहा मिनिटं लढतो, तीन अधिक तीन, आणि कधी दाबायचं, कधी हात धरून दम घ्यायचा हे तो आतल्या काट्याकडे बघून ठरवतो, गाडीतला पेट्रोलचा काटा असतो तसा. आमच्या पोराने त्या काट्यावर दोन दोन फडकी टाकली होती.

हे माझ्या मनाचं नाही. ज्युदोवाल्यांवर २०१४ साली एक अभ्यास झालाय, आमच्या केसला इतका जुळणारा की वाचताना अंगावर काटा आला. खेळाडूंनी ५ टक्के वजन उतरवलं, मग किलोला ६ मिलिग्रॅम कॅफीन घेतलं. निकाल काय, मेहनत कमी वाटली, रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या मेहनतीने वाढतं ते) वाढलं, आणि फेकण्याच्या चाचणीतली कामगिरी काही सुधारली नाही. म्हणजे शरीर जास्त जळलं, कळलं कमी, हातात काही आलं नाही. याउलट ब्राझिलियन जिऊ-जित्सूच्या खेळाडूंना, वजन न उतरवता, किलोला फक्त ३ दिलं तर हाताची पकड सुधारलेली दिसली. ट्युनिशियातल्या संशोधकांनी तायक्वांदोच्या खेळाडूंवर कॅफीन आणि वॉर्मअपला आवडीचं संगीत असं एकत्र करून बघितलं, तेही ३ मिलिग्रॅमवर, आणि दोन्ही मिळून किकच्या चाचण्यांत आकडे चांगले आले. पण त्या चाचण्या काही सेकंदांच्या असतात. आमच्या पोराचे पहिले ४० सेकंदसुद्धा चांगलेच होते ना.

म्हणून मग आम्ही बंदी-बिंदी न घालता चार महिने हे नीट करून बघायचं ठरवलं. वस्तादांनी एका अटीवर परवानगी दिली, १८ च्या खालच्या एकाही पोरासमोर हे चालणार नाही. ती अट मला शंभर टक्के मान्य आहे, कारण बारा-तेरा वर्षांची पोरं सीनियरचं सगळं उचलतात, स्टान्सही आणि कॅनही.

पहिल्या दिवशी प्री-वर्कआउटचा डबा गेला. कॅफीनवर आता बंदी नाही, १ जानेवारी २००४ ला ते वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) बंदीच्या यादीतनं निघालं, त्याआधी लघवीत मिलिलिटरला १२ मायक्रोग्रॅमच्या वर सापडलं तर डोपिंग धरायचे, आता नुसतं लक्ष ठेवतात. पण डब्यात कॅफीनबरोबर अजून काय आहे ते कोण सांगणार? २०१० ला दिल्ली कॉमनवेल्थच्या तोंडावर आपल्या काही खेळाडूंच्या सॅम्पलमध्ये मिथाइलहेक्सेनामीन सापडलं होतं, त्यात पैलवान होते, आणि हे असलं उत्तेजक तेव्हा अशाच पावडरींमधनं फिरत होतं. पोराचं करिअर एका स्कूपवर लावायचं नाही, विषय संपला.

राहिली कॉफी. इथे एक बारीक गोष्ट, आपल्याकडच्या बऱ्याच पावडरीत चिकोरी मिसळलेली असते आणि चिकोरीत कॅफीन नसतं, त्यामुळे "दोन चमचे" ह्याला काही अर्थ नाही, पाकीट मागनं वाचायचं. आम्ही चिकोरी नसलेली इन्स्टंट घेतली आणि सोनाराच्या काट्यासारखा एक छोटा डिजिटल काटा. चहा तोडला नाही, दिवसाला एक कप सकाळचा ठेवला, म्हणजे स्पर्धेच्या आठवड्यात डोकेदुखीचा प्रश्नच नको.

मग दर शनिवारी मॅटवर सहा मिनिटांची पूर्ण कुस्ती, शिट्टी-पंच सगळं, त्याच्याच वजनाच्या दोन पोरांशी आलटून पालटून. एका शनिवारी काहीच नाही, एका शनिवारी नुसती कॉफी, एका शनिवारी नुसतं संगीत, एका शनिवारी दोन्ही, आणि परत पहिल्यापासून. प्रत्येक कुस्तीआधी ३० सेकंद डमी थ्रो मोजायचे, ब्रेकमध्ये आणि शेवटी त्याने १ ते १० मध्ये मेहनत सांगायची, आणि मी बाहेरनं माझा आकडा वेगळा लिहायचा. हे काही प्रयोगशाळेतलं काम नाही, आपण काय प्यायलोय हे त्याला माहीत असायचं आणि माहीत असण्यानेच अर्धा जोर येतो, हे मान्य करूनच वाचा.

डमी थ्रोमध्ये कॉफीने एक-दोनचा फरक, कधी तेवढाही नाही. खरा फरक त्या दोन आकड्यांत दिसला. काहीच नसलेल्या दिवशी त्याचा आकडा आणि माझा आकडा जवळपास सारखा यायचा, तो ७ म्हणायचा, मी ७ लिहिलेलं असायचं. दोन्ही असलेल्या दिवशी ब्रेकमध्ये तो ५ सांगायचा आणि माझ्या वहीत ८. आणि त्या शनिवारांना दुसऱ्या हाफमध्ये तो पॉइंट देत होता. ते बघून त्याला स्वतःलाच पटलं, मला बोलावं लागलं नाही. २०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोला ३, यालाच त्याची बोटं थरथरायची. १३० ला, किलोला २, थरथर नाही आणि डोळे मात्र जागे.

संगीताचं वेगळंच निघालं. एक तर पैलवानाचा कान, दोन्ही मोडलेले, इअरबड बसतच नाहीत, आणि वरून दाबणारा हेडफोन वीस मिनिटांत दुखायला लागतो. त्यात फुल आवाज, त्यामुळे एका गावच्या स्पर्धेत मॅट बी वर नाव पुकारलेलं ह्याला ऐकूच आलं नाही, दुसऱ्या पुकाऱ्याला मी ओढत नेला. शिवाय ती जिमची गाणी त्याला खरं म्हणजे आवडतही नव्हती, सगळे ऐकतात म्हणून ऐकत होता. एकदा विचारलं, तुला अंगावर शहारा कशानं येतो? जरा लाजला आणि मोबाइलमधलं एक रेकॉर्डिंग लावलं. त्यांच्या गावच्या जत्रेतलं मैदान, हलगी-घुमकं-कैताळ, मागे माणसांचा गलका, आवाज फाटलेला. सात मिनिटांचं. सुरुवातीला हलगी सावकाश, पैलवान मैदानात फिरतायत तशी, आणि कुस्ती लागल्यावर चढत चढत जाते.

मी क्षणभर गप्पच झालो. खासबाग १९१२ साली शाहू महाराजांनी उभं केलं, तेव्हापासून आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्या कुस्तीला वाद्य आहेच की. मॅटवर आल्यापासून आम्हीच ते सोडलं आणि पोरं कुठली कुठली गाणी शोधत बसली. मॅटवर कुस्ती चालू असताना हलगी नाही वाजवता येत, पण वॉर्मअपला कोण अडवतंय.

तर ठरलं ते असं. वजन झाल्यापासून नंबर लागेपर्यंतचा जो दोन-तीन तासांचा वेळ असतो, ज्यात पोरं आतल्या आत जळून जातात, तेव्हा काही तेज नको, गावातल्या भजनाचं हळू आवाजातलं रेकॉर्डिंग किंवा काहीच नाही, भिंतीला पाय लावून पडून राहायचं. आधी ओआरएस, भात-दही किंवा केळी, लघवीचा रंग फिका होईपर्यंत कॉफीला हात लावायचा नाही. कुस्तीच्या दहा मिनिटं आधी हलगी, एकाच कानाला, हाताने फोन धरून, आवाज अर्धा. शेवटची दोन मिनिटं बंद, म्हणजे श्वास ऐकू येतो. कॉफी दिवसातनं एकदाच, १३० मिलिग्रॅम, जी कुस्ती अवघड वाटते तिच्या तासभर आधी, आणि दुपारी दोननंतर अजिबात नाही कारण रात्री झोपायचंय आणि सकाळी परत काट्यावर उभं राहायचंय.

पुढच्या स्पर्धेत पहिली कुस्ती नुसत्या हलगीवर काढली, ६-१. दुसऱ्या कुस्तीआधी कॉफी घेतली, समोर बऱ्यापैकी नावाचा पोरगा होता, ब्रेकला २-३ ने मागे. मी विचारलं दम कसा आहे. म्हणाला, "सात आहे सर, तीस सेकंद हात धरतो मग जातो." तीस सेकंद हात धरला, मग गेला, ५-३ ने जिंकला. ह्या एका उत्तरासाठी मी चार महिने वही लिहिली असं मला वाटतं. सेमी ३-४ ने गेली, शेवटच्या वीस सेकंदांत मॅटबाहेर ढकलल्याचा एक पॉइंट. तेव्हा दुपार उलटली होती, एक घोट कॉफी मागितली, मी दिली नाही, आणि त्या निर्णयाचं मला अजूनही पूर्ण समाधान नाही. रात्री मात्र साडेदहाला झोपला तो पाचला उठला. सकाळी वजन ६४.७, ब्राँझची कुस्ती सहा मिनिटं पुरी लढून जिंकला.

आता ह्यात श्रेय कशाचं ते सांगायला पाहिजे. ह्या वेळी तो ६६.६ वरनं ६५ ला आला होता, ६८.५ वरनं नाही, पाणी फक्त एक रात्र कमी केलं. माझ्या हिशोबाने दहातले सात मार्क तिथे आहेत. कॉफी आणि हलगी उरलेल्या तिनात, आणि त्यातही हलगी जास्त, कारण तिच्यामुळे झोप जात नाही, हात थरथरत नाहीत आणि डोपिंगची भीती नाही. ज्या पोरांना आधीच घाबरून मळमळतं त्यांना मी कॉफी सुचवतच नाही. आमच्यातच एक ८६ किलोचा आहे, शांत, सकाळी उठतच नाही लवकर, त्याला किलोला ३ छान चालतं. ते त्याच्या वहीत वेगळं लिहिलंय.

वस्तादांनी किटली तालमीत ठेवू दिलेली नाही. ती माझ्या खोलीत आहे, काट्याशेजारी. हलगीला मात्र त्यांनी स्वतःहून माणूस बोलावला, आता महिन्यातनं एका शनिवारी गावातनं एक हलगीवाला येतो, मॅटच्या कडेला बसतो, आणि वॉर्मअपला खरी हलगी वाजते. त्या दिवशी एकही पोरगं उशिरा येत नाही.